बांधावरचा सरकारी कोंबडा

माझं माहेर आणि सासर एकाच ओढ्यावर. माहेर वरच्या अंगाला पलीकडच्या काठावर, सासर खालच्या अंगाला अलीकडच्या. बैलगाडीने जायचं तर वैरागच्या रस्त्याला लागून मोठा वळसा पडे, आणि पावसाळ्यात तोही रस्ता बंद. ओढ्याला मात्र असली काही अडचण नव्हती. पूर आला की तो माझ्या माहेरचं सामान उचलायचा आणि थेट माझ्या सासरी आणून टाकायचा.

हे मला लग्नानंतर पहिल्याच पावसाळ्यात कळलं. माहेरी असताना पूर म्हणजे गेलेल्या वस्तूंसाठी हळहळ. कुणाची बाज गेली, कुणाचं मुसळ गेलं, कुणाचा कडबा गेला. सासरी पूर म्हणजे यात्रा! घरात गुडघाभर पाणी शिरे, मातीच्या भिंती ढासळत, बायका धान्याची गाडगी माळवदावर चढवत, आणि त्याच वेळी पुरुषमाणसं लांब बांबूला लोखंडी आकडी बांधून ओढ्याच्या काठी उभी राहत. काय काय यायचं! लाकडं, भोपळे, औताचे दांडे. एकदा तर चांगला दोन फळ्यांचा दरवाजा आला, कडीकोयंड्यासकट. तो आमच्या घराला बसला.

मी भाकरी करायला बसले तेव्हा पीठ मळायला माझ्यापुढे जी काठवट आली तिच्या कडेला पत्र्याचं ठिगळ होतं. ते ठिगळ माझ्या वडिलांनी मारलेलं. दोन वर्षांपूर्वीच्या पुरात ती काठवट गेली तेव्हा आई दिवसभर जेवली नव्हती. मी सासूबाईंना म्हणाले, "आत्याबाई, ही आमची काठवट हाय."

त्यांनी जात्यावरचा हात न थांबवता सांगितलं, "व्हय? आता तूबी आमचीच की."

पुढे वडील भेटायला आले. जेवायला बसले, काठवटीकडे पाहिलं, ठिगळाकडे पाहिलं, मुकाट्याने भाकरी खाल्ली. उठताना सासऱ्यांना एवढंच म्हणाले, "पाव्हणं, ठिगळापाशी लाकूड कच्चं हाय. जपून वापरा."

"वापरतूय की," मामंजी म्हणाले. दोघांनी पान खाल्लं. विषय संपला.

पावसाने दडी मारली त्या साली सरकारने दुष्काळी काम काढलं. दोन्ही गावांच्या मधे ओढ्यावर मातीचा बांध घालायचा, म्हणजे पूर तिथे अडेल आणि आमच्या घरात पाणी शिरणार नाही. अर्ज आमच्याच गावाने केला होता. काम दोन्ही गावांना मिळालं. माझे वडील त्या टोकाला माती टाकत, मामंजी या टोकाला, आणि मधोमध उंची जुळेना म्हणून दोघांनी एकमेकांच्या गावाला नावं ठेवली. मी आणि आत्याबाई डोक्यावर पाट्या वाहायचो. बैल माती तुडवायचे. कामावर सोलापूरहून आलेला एक तरुण ओव्हरसियर होता. खाकी अर्धी चड्डी, डोक्यावर टोपी, आणि जवळ सायकल. ती तो ढेकळांतून हाताने ढकलत न्यायचा, पण कुणाला हात लावू द्यायचा नाही.

एक दिवस त्याने सगळ्यांना नीट समजावून सांगितलं. पुराचं पाणी बांधाला टेकून थांबेल. खाली दगडी मोरी ठेवली आहे, तिच्यातून ते सावकाश बाहेर पडेल. फारच वाढलं तर बाजूच्या सांडव्यावरून जाईल.

मामंजींनी विचारलं, "आन सामान?"

"कसलं सामान?"

मामंजींनी माझ्या वडिलांकडे पाहिलं. वडिलांनी आभाळाकडे पाहिलं.

बांध झाला. त्या वर्षी पाऊस नव्हताच, तेव्हा आम्ही त्याच्यावर मिरच्या वाळवल्या. दुसऱ्या वर्षी हस्ताचा पाऊस वरच्या रानात असा कोसळला की सकाळी उठल्यावर त्या बाजूचं आभाळ काळं ठिक्कर. गाव जागं झालं. गाडगी माळवदावर गेली, आणि आकड्या घेऊन माणसं काठावर उभी राहिली. पूर येऊ नये म्हणून ज्यांनी अर्ज केला, तेच सगळ्यांत पुढे होते.

ओढ्याला पाणी आलं. घोट्याएवढं. मोरीतून यावं तसं, शहाण्यासारखं, आवाज न करता. त्यात एक वाळकं पान आलं. मामंजींनी सवयीने आकडी पुढे केली आणि मग लाजून मागे घेतली. पोत्याची खोळ घेतलेले एक म्हातारबाबा चिडून म्हणाले, "घरात पानी न्हाय, दारात पानी न्हाय, ह्यो कसला पूर?"

तेवढ्यात एक धनगर मेंढरं टाकून पळत आला. "आरं हितं काय उभं ऱ्हायलाय? बांधाला समिंदर लागलाय! त्यात आख्खं छप्पर तरंगतंय, आन त्येच्यावर कोंबडा!"

सगळं गाव बांधाकडे धावलं. मी आणि आत्याबाईही गेलो. बांधाच्या माथ्यावर पोचलो तर पलीकडून माझं सगळं माहेर आलेलं. पाणी तांबडं, पसरलेलं, स्वस्थ. बांधाच्या कडेला बाजा, कडब्याच्या पेंढ्या, भोपळे टेकून उभे. मधोमध माझ्या चुलत्याच्या गोठ्याचं छप्पर, आणि त्याच्यावर एक तांबडा कोंबडा मान ताठ करून चारी दिशांना बघत होता.

आमच्या लोकांनी आकड्या टाकल्या. वरच्या गावाने ओरडा केला, "खबरदार! आमचं हाय ते."

"ओढ्यानं आनलं ते खालच्याचं. आजपातूर हेच चालत आलंय."

"पर आनलं कुटं? हितंच थांबलंय की! आजून आमच्याच शिवारात हाय."

"थांबलं न्हाय, तुमी बांध घातलाय म्हून आडलंय."

"बांध तुमी मागितला!"

हे खरं होतं, म्हणून आमची बाजू जास्त जोराने ओरडू लागली. शेवटी मामंजींनी हात वर केला. "भांडू नगा. छप्पर कुणाचं ते आमची सून सांगंल. तिचं म्हायेर हाय ते."

सगळी माणसं माझ्याकडे बघू लागली. एका बाजूला वडील, एका बाजूला सासरे. मी पदर पुढे ओढला. पण खोटं कसं बोलणार? मी म्हणाले, "छप्पर माज्या चुलत्याचं हाय."

वरच्या गावाने जल्लोष केला. मामंजींनी आकडी खाली टेकवली. मग म्हणाले, "हे ती लेक म्हून बोलली. आता सून म्हून बोलू द्या."

कुणालाच हे चूक वाटलं नाही. वडीलसुद्धा मान हलवून म्हणाले, "बोल पोरी."

मी म्हणाले, "सून म्हून बगितलं तर ते आपल्याकडंच यायला निगालं हुतं."

आता खालच्या गावाने जल्लोष केला. दोन्ही बाजूंची साक्ष बरोबर निघाली, आणि निकाल होता तिथेच राहिला. आत्याबाई माझ्या कानाशी म्हणाल्या, "ग्वाड बोललीस."

एवढ्यात ओव्हरसियर चिखलाने माखलेली सायकल ढकलत आला. बांध फुटला की काय या भीतीने त्याचा चेहरा पांढरा पडला होता. बांध शाबूत आहे हे पाहून त्याला इतका आनंद झाला की डोळ्यांत पाणी आलं. पण त्याच्याकडे बघायला कुणाला सवड नव्हती. दोन्ही गावांनी त्याला मधे घेतलं आणि न्याय मागितला. बिचाऱ्याने पुष्कळ विचार केला. म्हणाला, "बांध सरकारी. बांधाने अडवलेलं पाणी सरकारी. तेव्हा पाण्यातली वस्तूही सरकारीच."

सगळे गार झाले. "आन कोंबडा?" चुलत्याने विचारलं.

"कोंबडाही."

त्या क्षणाला माझं माहेर आणि सासर पहिल्यांदा एक झालं. दोन्हीकडची माणसं एकदमच त्याच्या अंगावर धावून गेली. तो टोपी सावरत म्हणाला, "मी वर विचारतो, तोवर कुणी हात लावायचा नाही," आणि गेला.

आठवडाभरात पाणी मोरीतून निघून गेलं. बाजा, भोपळे, छप्पर चिखलात बसलं. चिखल वरच्या गावचा, म्हणून ज्याचं त्याने उचलून नेलं, आणि आमच्यातल्या चार जणांनी छप्पर वाहायला खांदाही दिला. पाणी गेलं तेव्हा सरकारही गेलं, असं सगळ्यांनी धरलं. पण कोंबडा छपरावरून उडून बांधावर बसला होता. तो चिखलात उतरलाच नाही. आणि बांध तर सरकारी. चुलत्याने हात जोडले. "मला न्हाई पायजे. उद्या शिपाई आला तर?"

मग तो कोंबडा बांधावरच राहिला. त्याला कापायची कुणाची छाती नव्हती. बांधावरून जाणारं माणूस, वरचं असो खालचं असो, मूठभर ज्वारी टाकून जाई. तो माजला. भर दुपारी आरवायचा. बाजाराला निघालेल्या बायकांच्या पाठी लागायचा, आणि त्या "आरं सरकारा, सोड" म्हणत पळायच्या. वरून उत्तर कधी आलं नाही. ओव्हरसियरची बदली झाली. नवा आला त्याने विचारलं, "हा कोंबडा कुणाचा?" दोन्ही गावांनी एका सुरात सांगितलं, "तुमचाच की सायेब." तो आपली थट्टा होतेय असं समजून तोंड फिरवून गेला.

पण बांधाचा माथा आता पायवाट झाला होता. वैरागचा वळसा संपला. एका सकाळी मी शेण गोळा करत होते तर समोरून आई चालत आली. एकटी, कडेवर भाजीची बुट्टी, लुगड्याचा काष्टा दवाने ओला झालेला. लग्नानंतर ती पहिल्यांदा माझ्या दारात आली होती. आत्याबाई बाहेर आल्या. "या ईनबाई. कशा आला?"

"बांधावरनं," आई धापा टाकत म्हणाली. "आन त्यो तुमचा कोंबडा लई वाईट हाय बया."

"आमचा कुटं? सरकारचा," आत्याबाई म्हणाल्या, आणि तिच्या कडेवरची बुट्टी घेऊन तिला आत घेऊन गेल्या.