पेटीतला अख्खा मसूर

फौजेतून सुटून आल्यावर घरात आपल्याला काय काम असणार, हे मला कुणी आधी सांगितलं नव्हतं. पहाटे आपोआप जाग यायची आणि मग दिवसभर मी सगळ्यांच्या पायात पायात करायचो. शिरवळच्या एका कंपनीत गेटवर उभं राहून पाहिलं, पण येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या पिशव्या तपासण्यात काही जीव रमेना. गावी परतलो, ऊस बघायला लागलो, आणि त्याच सुमारास बायकोने पर्यवेक्षिकेच्या परीक्षेचा अर्ज भरला.

ती आमच्या गावच्या अंगणवाडीत सेविका आहे. मी सरहद्दीवर होतो तेवढी वर्षं घर, शेत, माझी आई आणि गावची शेंबडी पोरं तिने एकटीने सांभाळली. वयाच्या अटीमुळे ही तिची शेवटची संधी होती. ही हुकली की पुन्हा अर्जच भरता येणार नव्हता. डोकं तल्लख, वेळ मात्र अजिबात नाही. मी म्हणालो, "परीक्षा होईपर्यंत स्वयंपाक माझ्याकडं." ती इतकी हसली की तिला पदर तोंडाला लावावा लागला.

मी काही लंगरचा, म्हणजे फौजी भटारखान्याचा, माणूस नव्हे, सिग्नलवाला. पण फौजेत ज्याने कधी कांदे सोलले नाहीत असा जवान सापडायचा नाही. माझा बेत सरळ होता. एका दिवशी भरपूर रांधायचं, गोठवायचं, आणि मग ऊस आणि अभ्यासाच्या धबडग्यात काढून गरम करायचं. लोणंदला एक आइस्क्रीमचं दुकान बंद पडलं होतं. तिथला डीप फ्रीजर टेम्पोत घालून आणला. त्याच्यावर गुलाबी आइस्क्रीमचं चित्र आहे, ते खरवडूनही निघत नाही. आई ओसरीवर बसून सगळं बघत होती.

"मढं ठिवायची पेटी आणलीस व्हय रं?"

"आमटी ठेवायची हाय, आई."

"मंजी शिळं खायचं. बरं बरं."

आईच्या गळ्यात माळ आहे, त्यामुळे आमच्या घरात अंडंसुद्धा शिजत नाही. पहिल्या दिवशी मी अख्खा मसूर केला. आता घोटाळा असा, की मला तीन माणसांचं माप येतच नाही. हाताला जी सवय लागली ती पलटणीची. पातेलं भरलं, मग दुसरं भरलं, आणि गार झाल्यावर सगळी आमटी मी चार मोठ्या चौकोनी डब्यांत ओतून पेटीत ठेवून दिली. तसंच वाघ्या घेवड्याचं केलं. झाकण लावताना मला फार समाधान वाटलं.

दोन दिवसांनी जेवायच्या वेळी डबा काढला तर आत वीट. पायरीच्या दगडाएवढी, आणि तेवढीच कडक. कालथा वाकला. शेवटी मी पडवीतला कोयता धुऊन आणला आणि घाव घातला. मसुराचा एक कपचा उडून देवाच्या फोटोला लागला. बायको पुस्तक घेऊन दारात उभी होती, ती मटकन खालीच बसली हसून हसून.

"आमटी फोडाय कोयता लागतोय," आई म्हणाली. "लय जगले बाई मी."

ती सगळी वीट वितळवावी लागली आणि पुढचे कितीतरी दिवस आम्ही मसूर खाल्ला. मसुराबरोबर भात, मसुराबरोबर चपाती, शेवटी मसुराचं थालीपीठ. कुणी तक्रार केली नाही, फक्त आई ताट बघून हात जोडायची.

मग मी शिकलो. श्रीखंडाचे रिकामे डबे गोळा केले आणि एका जेवणाचं एका डब्यात भरायला लागलो. बटाटा गोठवला की त्याचा स्पंज होतो, हे कळलं. वांगं तर पार हाय खातं. पण पुरण छान राहतं, उकडलेल्या कोथिंबीर वड्या राहतात, हिरवे वाटाणे आणि हरभऱ्याचे सोलाणे राहतात, अर्धवट भाजलेल्या चपात्या मध्ये कागद घालून रचल्या तर त्याही राहतात. बायको अंगणवाडीतून आली की डब्याकडे न बघता पुस्तकाकडे जायची. ताट समोर आलं की जेवायची. "मीठ कमी हाय" एवढं म्हणायला लागली, तेव्हा मला खात्री पटली की ही आता आरामात आहे. खरं सांगतो, आमच्या लग्नाला इतकी वर्षं झाली, पण सलग एवढे दिवस तिला बसून जेवताना मी पहिल्यांदाच पाहिलं. मला ते फार आवडायचं.

मोठ्या विटा मात्र अजून तळाशी पडून होत्या. त्यांना हात लावायची हिंमत कुणाची नव्हती.

परीक्षा रविवारी, साताऱ्यात. शनिवारी संध्याकाळी साखर कारखान्याच्या चिटबॉयचा, ऊसतोडीच्या पाळ्या लावणाऱ्याचा, फोन आला. "उद्या सकाळी टोळी येतीया. तयार ऱ्हावा." तोडीसाठी मी कितीतरी दिवस त्याच्या मागे लागलो होतो. आता नको म्हटलं तर पाळी पुढच्या महिन्यात गेली असती आणि ऊस तोवर वाळून सरपण झाला असता. तोड घ्यायला माझी ना नव्हती. अडचण वेगळी होती. आमच्या घरची आजोबांपासूनची रीत आहे, की उसाच्या फडाला कोयता लागला की त्या दिवशी टोळी आपल्या दारात जेवते. विकतचं आणून चालत नाही. पंधरा-वीस माणसं, त्यांची पोरंबाळं, ट्रॅक्टरवाला वेगळा. हा स्वयंपाक दर वर्षी आई आणि बायको पहाटेपासून करतात.

बायकोने माझा चेहरा बघितला, काय ते ओळखलं, आणि पुस्तक मिटलं. रागावली नाही. तेच मला सहन झालं नाही.

"ऱ्हाऊ द्या. असू द्या. पीठ किती हाय बगते."

"पिठाला हात लावायचा न्हाई," मी म्हणालो. माझा आवाज चढला होता. "पेटी भरल्याली हाय."

"आवं, टोळीला कुठं असलं घालायचं?"

मी काही बोलायच्या आत आई म्हणाली, "तू पेपरला जा. टोळीचं आमी बगतो."

बायको सासूकडे बघतच राहिली.

सकाळच्या एसटीने ती गेली. मी अंगणात तीन दगड मांडले, मोठं पातेलं ठेवलं आणि पेटीच्या तळातल्या विटा एकेक करून आत सोडल्या. त्या पातेल्यात बरोबर बसल्या. वरून कांदा-लसणाची चटणी, खोबरं, फोडणी. दुसऱ्या चुलीवर भात. आईने स्टुलावर बसून पेटीतल्या चपात्या तव्यावर शेकल्या. पंगत बसली तेव्हा वास वाडीभर पसरला होता. टोळीच्या मुकादमाने ओरपून ओरपून मसूर खाल्ला आणि विचारलं, "वहिनी दिसंना झाल्या? त्यांच्या हातची चव लय भारी." मी म्हणालो, त्यांच्या हातात आज पेन आहे. आई खाली मान घालून हसली.

टोळी परत फडात गेली. मी भांडी घासत होतो आणि आई पुसून पालथी घालत होती. मध्येच ती म्हणाली, "माझ्या सातवीच्या फायनलच्या पेपराच्या दिवशी आमच्याकडं गुऱ्हाळ लागलं हुतं."

मी घासायचा थांबलो.

"मास्तर बोलवाय आलते. बाबा म्हणलं, गुऱ्हाळाच्या मान्सास्नी भाकरी कोण थापणार? मी थापत बसले. मास्तर दारातनं परत गेलं." तिने पातेल्याची कड पुसली. "वर्गात पयला नंबर हुता माझा."

आई सातवीपर्यंत शाळेत गेली होती, हेच मला ठाऊक नव्हतं. डोळ्यांत पाणी आलं, ते मी राखेच्या हातानेच पुसलं आणि आणखी चुरचुरलं.

उन्हं कलली तशी आई काठी घेऊन फाट्याच्या वाटेला जाऊन बसली, मीही मागोमाग गेलो. बायको एसटीतून उतरली. माझ्याकडे बघून आधी टोळीचं विचारायला लागली, पण आईने तिचा हात धरून तिला शेजारच्या दगडावर बसवलं.

"त्ये ऱ्हाऊ दे. काय काय इचारलं ते सांग."

"लय हुतं, आत्या."

"सगळं सांग. पयल्यापासनं."

बायकोने पिशवीतून प्रश्नपत्रिका काढली आणि वाचायला लागली. अठरा मुलं, दर मुलाला अडीच किलो धान्य, तर एकूण धान्य किती. आईने डोळे मिटले. ओठ हलले, लहानपणी पाठ केलेली अडीचकी कुठूनतरी वर आली.

"अठरा अडीच पंचेचाळीस."

"बरोबर," बायको म्हणाली. "मी बी त्येच लिवलंय."

"पुढचा सांग," आई म्हणाली, आणि नीट मांडी घालून बसली.