उलटं चढलेलं पातं

आमच्या शेडमध्ये लोखंड कापायचा बँडसॉ दादाच्या ताब्यात. दादा म्हणजे सगळ्यांचाच दादा, पण त्याचा सख्खा धाकटा भाऊही तिथेच कामाला. पात्याची टोकं वेल्डिंगने जोडून गोल करून द्यायचं काम त्याचं. दादाचा हात खरंच चांगला. जीभ मात्र पात्याहून धारदार. चूक नेहमी दुसऱ्याची, हा त्याचा सिद्धांत. माझं लेथ मशीन शेजारीच, त्यामुळे हे प्रवचन मला रोज फुकट.

त्या सकाळी त्याने नवं पातं चढवलं, ताण दिला, जाडजूड गज व्हाइसच्या जबड्यात आवळला आणि मशीन सुरू केलं. पातं किंचाळलं, धूर निघाला, गजावर मात्र नुसता ओरखडा. दादाचं डोकं फिरलं. त्याने धाकट्याला सगळ्यांसमोर बोलावलं.

"जोडावर गाठ ठेवलीस. साधं घासता येत नाही? घरी लाडावून ठेवलं, त्याची ही फळं."

लोक फिदीफिदी हसले. धाकटा कानापर्यंत लाल झाला आणि निघून गेला.

मग दादाने मशीनचं झाकण उघडलं आणि तसाच उभा राहिला. मी डोकावलो. पात्याचे दाते उलट्या दिशेला होते. बनियन उलटं घालावं तसं या पठ्ठ्याने पातं उलटं चढवलं होतं. नवशिक्याने केलं असतं तर वर्षभर चेष्टा झाली असती. माझ्याकडे न बघता त्याने पातं उतरवलं, उलटवून पुन्हा बसवलं. दाते थोडक्यात बचावले होते. हलक्या दाबावर गज मुकाट कापला गेला.

"दादाचा हात लागला की झालंच," कुणीतरी म्हणालं.

आता तरी खरं काय ते बोलेल, असं मला वाटलं. कसलं काय! जेवणाच्या सुट्टीत त्याने डबा उघडला नाही. लाज त्याला खात होती, आणि खरं सांगतो, मला बरं वाटत होतं.

दुपारी धाकटा कापलेले तुकडे न्यायला आला. चालू मशीनच्या आवाजाआड दादा त्याच्या कानाशी वाकला. माझं लेथ तेव्हा बंद होतं, म्हणून मला ऐकू आलं.

"जोड चांगला होता तुझा. मीच पातं उलटं चढवलं होतं."

"मला माहीत होतं, दादा," धाकटा तुकडे उचलत म्हणाला. "यांना माहीत नाही."

दादाने मशीन बंद केलं. शेड एकदम शांत झाली, तशा सगळ्यांच्या माना वळल्या.

"ऐका रे जरा," दादा म्हणाला. पुढचा शब्द काही केल्या त्याच्या तोंडातून निघेना, आणि सगळे वाट बघत उभे होते.