टीम खाली गेली, बोरकुटे सर थांबले

ज्या कोचच्या हाताखाली आमची टीम वरच्या डिव्हिजनमधून खाली घसरली, त्यांना जाऊन आज वर्ष झालं.

त्यांच्याइतका खमका कोच मी दुसरा पाहिला नाही.

सुधीर बोरकुटे. नागपूरचे. सौदीतल्या दम्माममधल्या आमच्या बास्केटबॉल क्लबचे असिस्टंट कोच. मी तिथलाच फिजिओ, मूळचा चिपळूणचा.

जॉइन झालो तेव्हा जिमच्या दारात आईशी फोनवर बोलत होतो. कोर्टाच्या पलीकडून आवाज आला, "अरे, आपला माणूस आहे ना बा! आज जेवायला घरी चाल."

ओळख वगैरे जेवताना झाली.

त्या सीझनला आम्ही जोरात होतो. आमच्याकडे एक अमेरिकन गार्ड होता. त्याच्या हातात बॉल आला की स्टँडमधले लोक चहा खाली ठेवायचे.

अर्ध्या सीझनमध्ये त्याला युरोपातल्या क्लबचं बोलावणं आलं. तो गेला.

मग सेंटरचा, म्हणजे आमच्या सगळ्यात उंच खेळाडूचा, खांदा निखळला.

मग कॅप्टन फैजल. रीबाउंड घेऊन खाली आला आणि गुडघा आत वळला. लिगामेंट अर्धवट फाटलं. दम्मामचाच मुलगा, याच क्लबमध्ये लहानाचा मोठा झालेला. स्ट्रेचरवरून जाताना स्कोअर विचारत होता.

हेड कोच सुट्टीवर गेले ते परत आलेच नाहीत. मॅनेजर बोरकुटे सरांना म्हणाले, "दुसरा मिळेपर्यंत तुम्ही बघा."

दुसरा मिळाला नाही.

सरांच्या पहिल्या प्रॅक्टिसला सगळे त्या अमेरिकन गार्डला शिव्या घालत होते. सरांनी शिट्टी वाजवली.

"He gave us half a season. Say shukran, say thank you. Now tell me, बॉल आगे कौन लाएगा?"

सरांनी माजिदकडे बोट केलं. माजिद म्हणजे बेंचवरचा गार्ड, टॉवेल घेऊन बसलेला. "यल्ला, माजिद."

माजिद शिकत गेला. पण मॅचेस हातातून जात राहिल्या. शेवटची मॅच जिंकली तरच वर राहणार, अशी वेळ आली.

मॅनेजरनी ऑफिसात बोलावलं. फैजल आधीच तिथे बसलेला.

"पट्टी बांधून थोडा वेळ तरी?" मॅनेजरनी मला विचारलं.

मी म्हणालो, सरळ पळतोय, पण वळताना गुडघा साथ देत नाही. खेळला तर उरलेलं लिगामेंटही जाईल.

"Everybody plays with pain," मॅनेजर म्हणाले.

माझी नोकरी नवी. इकामा, म्हणजे तिथे राहायचा परवाना, याच क्लबच्या नावावर.

बोरकुटे सर म्हणाले, "He is not playing."

फैजल ताडकन उठला. "This is my club, Coach! We go down, it's my name!"

"No. I am the coach. It's my name."

मग माझ्याकडे वळून मराठीत, "तू नाही म्हटलंस ना? मग झालं. घाबरून काऊन राहिला?"

आम्ही ती मॅच हरलो. अगदी थोडक्यात. माजिदचा शेवटचा शॉट रिंगवर फिरला आणि बाहेर पडला.

माजिद कोर्टावर तोंड झाकून बसला. सर गेले, त्याला हात धरून उठवलं आणि समोरच्या टीमशी हात मिळवायला घेऊन गेले. फैजल सरांशी एक शब्द न बोलता निघून गेला.

इंटरनेटवर लोकांनी सरांना धुतलं. इंडियन कोचने क्लब बुडवला म्हणे. मी चिडून म्हटलं, सर, काहीतरी उत्तर द्या.

"काय उत्तर देऊ? खाली तर गेलोच ना आपण. आता वर जायचं."

क्लबने नवा हेड कोच आणला. सर पुन्हा असिस्टंट. रियाधच्या एका शाळेने त्यांना स्पोर्ट्स हेड म्हणून बोलावलं होतं. वहिनी म्हणाल्या, घ्या. सर म्हणाले, फैजलचा गुडघा अर्ध्यावर आहे.

रोज सकाळी फैजलचा रिहॅब मी घ्यायचो. सर येऊन नुसता बॉल फेकायचे. फैजल बॉल झेलायचा, बोलायचा नाही. असे कित्येक आठवडे.

एका सकाळी तो पूर्ण वेगात आला, थांबला, वळला, शॉट मारला. गुडघा जागच्या जागी. स्वतःच चकित होऊन उभा राहिला.

मग म्हणाला, "Coach. Again."

सरांनी बॉल फेकला. मी पाठ फिरवून टेप शोधायला लागलो.

पुढच्या सीझनला आम्ही वर आलो. फैजल कॅप्टन, माजिद पॉइंट गार्ड. शेवटच्या मॅचमध्ये भरपूर लीड होती, सगळे नाचत होते आणि सर साइडलाइनवरून माजिदवर ओरडत होते, "डिफेन्स! खलास नहीं हुआ अभी!"

त्या उन्हाळ्यात ते सुट्टीला नागपूरला गेले. सकाळी, घरीच, हार्ट अटॅक.

फैजलला मी फोनवर सांगितलं. तो म्हणाला, "I am going to his house."

व्हिसा होईपर्यंत तेरावा उजाडला. मीही सुट्टीवर होतो, चिपळूणहून पोचलो, तो दम्मामहून. भारतात पहिल्यांदाच. पाहुण्यांनी भरलेल्या हॉलमध्ये एवढा उंच माणूस सतरंजीवर पाय कसेबसे दुमडून बसला.

वहिनी समोर येऊन बसल्या. विचारलं, "बेटा, घुटना कैसा है?"

फैजल उभा राहिला. सगळ्यांसमोर पूर्ण खाली बसला आणि उठला. परत बसला, परत उठला.

वहिनी हसल्या. त्या दिवसांत पहिल्यांदाच, असं त्यांची मुलगी मला नंतर म्हणाली.

यंदा माजिदला जेद्दाच्या मोठ्या क्लबने नेलं. नव्या सेंटरचा घोटा सुजलाय. शुक्रवारी नव्या सीझनची पहिली मॅच आहे. आम्ही पूर्ण ताकदीने उतरणार आणि मला वाटतं, जिंकणार.

बोरकुटे सर, तुमच्यासोबत काम करायला मिळालं, हे माझं नशीब.

मनापासून नमस्कार. या सर.