गुंडू जेवेना

राजारामपुरीतल्या बनाबाईंच्या खानावळीत मी एकवीस वर्षं जेवतो आहे, आणि या एकवीस वर्षांत हवं तेवढंच जेवून एकदाही उठलेलो नाही. ‘बास’ हा शब्द या बाईंना ऐकू येत नाही. ताटावर हात आडवा धरला की हाताखालून भाकरी सरकवतात. ताटच मागं ओढलं तर म्हणतात, “मास्तर, वाळून चाललाय नुसते. शाळेनं पेन्शन दिली, अंगावर मांस कुठं दिलं?” मी चित्रकलेचा मास्तर होतो. जन्मभर पोरांना प्रमाणात काढायला शिकवलं आणि स्वतः प्रमाणाबाहेर जेवत आलो.

एकदा चिडून दोन दिवस दुसऱ्या खानावळीत गेलो होतो. तिथं कुणी ढुंकूनही विचारलं नाही. तिसऱ्या दिवशी मुकाट्यानं परत आलो आणि त्या दिवशी चार भाकऱ्या खाल्ल्या.

बाई पासष्टीच्या पुढच्या. पहाटे उठून दीडशे भाकऱ्या थापतात, बुधवारी आणि रविवारी मटण असतं तेव्हा दोनशे. गुडघे दुखतात, पण वाढायला दुसऱ्या कुणाला उभं राहू देत नाहीत. कोण किती जेवलं, कोण का जेवलं नाही, कुणाची परीक्षा आहे आणि कुणाचं पोट बिघडलंय हे सगळं त्यांच्या डोक्यात असतं. मी वरच्या मजल्यावर भाड्यानं राहतो, म्हणून मला जरा जास्तच माहीत आहे. अशी माणसं मी आयुष्यात फार पाहिली नाहीत, हे आधीच सांगून टाकतो.

गेल्या ऑगस्टमध्ये क्रांती एक मोठी प्लॅस्टिकची पेटी घेऊन आली. हुपरीच्या चांदी कारागिराची ही मुलगी कॉलेजची चार वर्षं बाईंकडंच जेवली. आता तिला नोकरीच्या ट्रेनिंगसाठी सहा महिने बंगळुरूला जायचं होतं. पेटीत एक अजगर होता. आपल्या रानातला नव्हे, परदेशी जातीचा. चार फूट लांब, मनगटाएवढा जाड, तपकिरी अंगावर पिवळट ठिपके. सोबत सरकारी नोंदणीचा कागदही होता. भ्याला की अंगाचा गोळा करून डोकं मधे लपवतो, म्हणून नाव गुंडू. तिच्या आईनं घरात एक तर तो राहील नाही तर मी, असं सांगितलं होतं.

“मावशी,” क्रांती म्हणाली, “तुमच्या घरात कोण उपाशी राहत न्हाय. म्हणून तुमच्याकडं आणलाय.”

पोरगी हुशार. दुसरं काहीही बोलली असती तर बाईंनी पेटीसकट हाकलली असती. मी जिन्याच्या चौथ्या पायरीवरून ओरडून सांगत होतो की हे इथं चालणार नाही. बाईंनी माझ्याकडं पाहिलंही नाही. “सा म्हैन्यांनी ये,” त्या म्हणाल्या, “आणि बघ कसा टुमटुमीत झालाय त्यो.”

स्वयंपाकघरामागच्या खोलीत गुंडूची सोय झाली. पेटीखाली गरम राहणारी विजेची पट्टी, आत पाण्याचं भांडं आणि लपायला एका बाजूची कड फोडून उपडी घातलेली मातीची कुंडी. क्रांतीनं सगळं लिहून दिलं होतं. पंधरा दिवसांनी एक उंदीर. उंदीर पुण्याहून बर्फातून यायचे, मेलेले आणि गोठलेले. त्यांच्यासाठी बाईंनी जुना लहान फ्रीज वेगळा ठेवला, वेगळी बादली, वेगळा चिमटा, आणि त्यातली एकही वस्तू खानावळीच्या भांड्यांजवळ येऊ दिली नाही. उंदीर आधी गार पाण्यात सैल करायचा, मग कोमट पाण्यात ठेवून अंगाएवढा गरम करायचा, पुसायचा आणि लांब चिमट्यानं समोर धरायचा. सापाला ऊब कळते. ओठांवरच्या बारीक खळग्यांनी तो ती ओळखतो आणि मग झेप घेतो. बाईंना हे पटकन जमलं. ताजं आणि गरम वाढायचं, एवढंच त्यांच्या लेखी त्याचं सार होतं.

ऑक्टोबरअखेरपर्यंत गुंडू व्यवस्थित जेवला. मीही दारातून पाहिलं. क्षणात झडप, उंदराभोवती विळखा, आणि मग पाऊण तास सावकाश गिळणं. मला दरदरून घाम फुटला होता. बाई मात्र पदर तोंडाला लावून कौतुकानं पाहत होत्या. “जेवणाऱ्यानं असं जेवावं,” म्हणाल्या. रोख माझ्याकडं होता.

नोव्हेंबरात थंडी पडली आणि गुंडूनं तोंड फिरवलं.

मग बाईंचा आग्रह सुरू झाला. पंधरा दिवसांऐवजी रोज. सकाळी नाही खाल्लं तर संध्याकाळी. उंदीर मोठा वाटत असेल म्हणून लहान, पांढरा आवडत नसेल म्हणून काळा. दिवसातून दहादा झाकण उघडून बघायच्या. बाहेर काढून मांडीवर घ्यायच्या, पाठीवरून हात फिरवायच्या, “खा की रं लेकरा, माझ्यासाठी खा,” म्हणायच्या. एका रविवारी तर त्यांनी कहर केला. मटणाची अळणी, म्हणजे तिखट-मीठ न घातलेलं पाणी, आपण लहान पोराला आणि आजाऱ्याला देतो ते, त्यात उंदीर बुडवून त्याच्यापुढं धरला. मी हसलो तर चिमटा माझ्यावर उगारला. गुंडूनं जीभ बाहेर काढली, आत घेतली आणि कुंडीखाली शिरला.

शेजारच्या अंबूबाई वाटीभर दूध घेऊन आल्या. “दूध पीत न्हाय त्यो!” बाई एवढ्या जोरात ओरडल्या की बाहेर जेवणारी पोरं उठून उभी राहिली. मग बाईंनी अंबूबाईंना बसवून चहा पाजला, दोन कप.

जानेवारीच्या अखेरीपर्यंत गुंडूचं वजन सोळाशे ग्रॅमवरून तेराशे ऐंशीवर आलं. दर रविवारी बाई वजन करायच्या आणि त्या दिवशी वाढताना गप्प असायच्या. क्रांतीला मात्र काही कळू दिलं नव्हतं. फोन आला की “बरा हाय” एवढंच. मी रागावलो तर म्हणाल्या, “माझ्या घरात तीन म्हैने उपाशी हाय, हे कुठल्या तोंडानं सांगू?”

शेवटी मीच डॉक्टरांना बोलावलं. डॉ. ऋषभ जनावरांचे डॉक्टर. घरचे जैन, स्वतः कांदाही खात नाहीत, पण गुंडूच्या उंदराबद्दल अत्यंत गंभीरपणे बोलले. तोंड तपासलं, अंग दाबून पाहिलं. “आजार दिसत नाही,” ते म्हणाले. “थंडीत ही जात दोन-तीन महिने उपाशी राहू शकते. पण वजन एवढं उतरायला नको होतं. बाई, तुम्ही त्याला दिवसातून किती वेळा हात लावता?”

बाई पदरानं पेटीचं झाकण पुसू लागल्या. मी बोटं मोजून दाखवली.

“मागं मिक्सर, कुकरच्या शिट्ट्या, सारखी पावलं. त्यात तुम्ही रोज पुढ्यात ताट धरता. भ्यालाय तो. दहा दिवस शांत, अंधाऱ्या जागेत ठेवा. हात लावायचा नाही, झाकण उघडायचं नाही. मग एकदाच उंदीर ठेवा आणि निघून या. तरी नाही जेवला तर मला नळीनं पोटात घालावं लागेल.”

नळी म्हणताच बाईंचा चेहरा पडला. “नळी न्हाय,” त्या म्हणाल्या. “काय बी करा, पर कुनाच्या नरड्यात काय घालायचं न्हाय माझ्या घरात.” नंतर त्यांनी स्वतः क्रांतीला फोन लावला आणि सगळं सांगितलं. या बाईंना मान खाली घालून बोलताना मी प्रथमच पाहिलं.

शांत जागा घरात एकच होती, माझी खोली. मी सापाला किती भितो हे सगळ्या गल्लीला ठाऊक आहे. बाईंनी विचारलं नाही, नुसत्या बघत राहिल्या, आणि मी हो म्हणून बसलो. कपाटाआड पेटी ठेवली, वर जाड चादर टाकली. पहिल्या रात्री मी बूट घालून झोपलो.

ते दहा दिवस गुंडूला सोपे गेले असतील, बाईंना नाही. तीनदा तरी त्या जिना चढून दारापर्यंत आल्या, कडीला हात लावला आणि परत फिरल्या. मला खालून विचारायच्या, “आवाज येतोय का?” नाही म्हटलं की परत भाकरीकडं. दुखऱ्या गुडघ्यांनी चढायचं आणि काही न करता उतरायचं, यासाठी किती ताकद लागत असेल!

अकराव्या दिवशी तिन्हीसांजेला त्यांनी उंदीर गरम केला, पुसला, चादरीचा कोपरा आणि झाकण उचलून कुंडीच्या तोंडाशी ठेवला आणि बाहेर येऊन दार ओढून घेतलं. खाली जातील असं मला वाटलं, पण त्या जिन्याच्या पायरीवर बसल्या. मीही बसलो. खाली पोरं जेवायला आली होती आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदाच दुसरं कुणीतरी वाढत होतं.

पदरानं हात पुसत त्या बोलल्या. “आमच्या मालकास्नी शेवटी अन्न नकोसं झालतं. तोंड फिरवायचे. मी हनुवटी धरून चमचा सारायचो. जेवला न्हाय तर जगायचा कसा मानूस? शेवटच्या दिवशी बी सारला मी. त्येंनी माझा हात धरला, घट्ट, आणि बास म्हनाले. तरी मी सारला. त्येच शेवटचं बोलनं त्येंचं.”

मला त्या क्षणी बाईंबद्दल जेवढी माया वाटली तेवढी सख्ख्या माणसाबद्दलही कधी वाटली नव्हती. आम्ही दोघं तसेच बसून राहिलो. तासाभरानं मी आत जायला उठलो तर त्यांनी माझा सदरा धरला. “न्हाय मास्तर. झोपा आज खालीच, बाकावर. बघायचं न्हाय.”

सकाळी त्या तव्यापाशी होत्या. वर मी एकटाच गेलो, हातात काठी घेऊन. चादर उचलली. उंदीर नव्हता. कुंडीबाहेर गुंडू पसरला होता आणि त्याच्या पोटाच्या मधोमध चांगला फुगवटा दिसत होता. मी काठी तिथंच टाकली आणि जिन्यावरून ओरडत खाली आलो, “बाई, जेवला! जेवला तो!”

बाईंचा हात पिठात थांबला. मग त्या तिथंच, चुलीसमोर, मोठ्यानं रडल्या. भाकरी तव्यावर करपत होती, ती मी उलटली.

“दार वडून भाईर बसायचं हुतं फकस्त,” त्या म्हणाल्या. “त्येंच्या येळंला एवढंच मला जमलं न्हाय, मास्तर.”