झरोका वजा करायचा नाही

हाटकेश भागातल्या आमच्या ऑफिसात बांधकामाची एस्टिमेटं करणारे एक काका होते. प्लास्टरचं माप काढताना ते दारं-खिडक्या वजा करायचे, पण संडासचा झरोका कधीच नाही. "एवढंसं भोक मापातून कापायचं नसतं, नियम आहे." हा नियम ते कुठेही लावत. चहात माशी पडली, तर ती काढून चहा प्यायचे. "झरोका!"

एकदा चार मजल्यांच्या बिल्डिंगच्या एस्टिमेटमध्ये मी जिनाच धरायला विसरले. साहेब भडकले, "लोकांनी वर उडत जायचं का?"

काकांनी चष्मा कपाळावर चढवला. "साहेब, झरोका आहे. सोडा."

"अहो, अख्खा जिना झरोका?"

"हिचं वर्षभराचं काम बघा की. एवढ्या भिंतीत झरोकाच तो."

साहेबांनी एस्टिमेट दुरुस्त करायला माझ्याकडे परत सरकवलं. काकांनी मात्र त्यानंतर मला एकही जिना मोजू दिला नाही.