गव्हाला सुट्टी नसती

तुकाराम काका कुणाच्याही गव्हात न विचारता शिरायचे, एक रोप उपटायचे, अंगठ्याने माती पुसायचे आणि मुळं मालकाच्या नाकापुढे धरायचे. मग एकच वाक्य, "उपाशी मारलंस रं." करमाडात ते येताना दिसले की लोक वाट बदलत.

ते माझ्या वडिलांचे थोरले भाऊ. वडील गेल्यावर आमच्या वाट्याची दोन एकर मी करायला घेतली. राहायला शहरात पुंडलिकनगरला, नोकरी वाळूजच्या कंपनीत, शेती गुरुवारच्या सुट्टीत. काका म्हणाले, "यंदा गहू पिकवून दाखव. न्हाय जमलं तर प्लॉटिंगवाला टपलाच हाय, देऊन टाक."

साल दुष्काळाचं. विहिरीत दोन पाळ्यांपुरतंच पाणी. एका शनिवारी रजा काढून पेरणी केली, तेव्हाच डीएपी खत दिलं. एकविसाव्या दिवशी नवी मुळं फुटतात, तेव्हा पहिलं पाणी आणि युरिया, हे मला तोंडपाठ होतं. पण एकविसावा दिवस आला शनिवारी. पुढच्या गुरुवारची सुट्टी कंपनीने रद्द केली. मी शेतावर पोचलो तेव्हा तेहतीस दिवस झाले होते.

उशीर भरून काढायला दुप्पट युरिया फेकला. रान काळंभोर हिरवं झालं, मी हौसेने बायकोला फोटो पाठवला. काका म्हणाले, "ढोरांची दिवाळी हाय." फुटव्यांची वेळ टळली होती, माजला तो नुसता पाला, आणि दुसरं पाणीही त्यानेच पिऊन टाकलं. दाणा भरताना विहीर कोरडी. काकांनी माझी ओंबी तळहातावर चोळून फुंकर मारली. हातात फारसं काही उरलं नाही.

बांधापलीकडे त्यांचा गहू टंच भरला होता. त्यांनी खत वेळेवर दिलं होतं, माझं रान रोज बघत.

"काका, एक फोन तरी करायचा."

"कशाला? फोनवरचं ध्यानात राहत न्हाय. गव्हाला सुट्टी नसती, हे आता मरंस्तोवर इसरायचा न्हाईस."

मी जमीन विकली. त्यांना माफ मात्र केलं नाही.

काही वर्षांनी ते अंथरुणाला खिळले. मूलबाळ नव्हतं, म्हणून माझ्याच घरी आणले. एका शनिवारी म्हणाले, "आज एकविसावा हाय. गड्यानं युरिया टाकला का, बघू दे. करमाडला ने."

मी म्हणालो, "गुरुवारी. सुट्टी असते तेव्हा."

त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि मान डोलावली. एरवी सोडलं नसतं मला.

बुधवारी ते गेले. माझ्या आठ रजा शिल्लक होत्या, आणि हे मला शनिवारीही माहीत होतं.