लेखी द्या, सर

"शेख मॅडम, त्या राठोडच्या पोरीले प्रॅक्टिकलमध्ये पास करायचं नाही," प्राचार्य म्हणाले आणि जेवणाचा डबा उघडला.

मी केबिनमध्ये उभीच होते. खुर्ची रिकामी होती, पण आमच्याकडे प्राचार्य शिक्षकांना बसू देत नसत.

फुलसावंगीच्या पुढच्या एका गावातलं ज्युनिअर कॉलेज. तिथं मी बारावीला केमिस्ट्री शिकवते. बोर्डाच्या प्रॅक्टिकल परीक्षेत बाहेरून एक परीक्षक येतो आणि दुसरी परीक्षक मी असते. म्हणजे मुलांचे काही मार्क खरोखरच माझ्या हातात असतात.

पूजा राठोड जवळच्या तांड्यावरून यायची. मुलींच्या बाथरूमला कायम कुलूप असायचं. ते उघडावं म्हणून तिनं वर्गातल्या मुलींच्या सह्या घेऊन अर्ज दिला होता. एवढाच तिचा गुन्हा.

"काहून सर? पोरगी हुशार आहे."

"नेतागिरी करते. आणि तुम्ही मले प्रश्न विचारून राह्यल्या? गोपनीय अहवाल कोण लिहितं, माहीत आहे ना?"

गोपनीय अहवाल म्हणजे आमचं वर्षाचं प्रगतिपुस्तक. तो बिघडला की वरची वेतनश्रेणी अडकते. याच भीतीपायी फिजिक्सच्या धांडे सरांनी प्रार्थनेच्या वेळी सगळ्या मुलांसमोर माफी मागितली होती. चूक काय, तर पाच मिनिटं उशीर. आम्ही सगळे खाली बघत उभे होतो. मीसुद्धा.

पण त्या दिवशी माझ्या तोंडून निघून गेलं, "लेखी द्या, सर."

डब्यातला त्यांचा हात थांबला. "काय?"

"आदेश लेखी द्या. मग बघते."

ते इतके ओरडले की बाहेरचा शिपाई आत डोकावला. मी बाहेर पडले तेव्हा, खरं सांगते, उड्या माराव्यात असं वाटत होतं.

तसंच जाऊन पत्र लिहिलं. 'आपण आज तोंडी दिलेला आदेश लेखी मिळावा.' खाली तो आदेश जसाच्या तसा. पत्र ऑफिसात दिलं की आवक नंबर पडतो, शिक्का बसतो, आणि मग ते पत्र मिळालंच नाही असं कुणाला म्हणता येत नाही.

गावंडे बाबूंनी पत्र वाचलं. "मॅडम, याले शिक्का मारला तर माही खैर नाही."

"तुमचं काम शिक्का मारायचं आहे, बाबू. वाचायचं नाही."

त्यांनी एकदा केबिनच्या दाराकडे बघितलं. मग शिक्का असा हाणला की टेबल हादरलं.

स्टाफरूममध्ये धांडे सरांनी माझी प्रत दोनदा वाचली. कागद ओढला आणि लिहायला बसले, 'प्रार्थनेच्या वेळी माफी मागण्याचा आदेश कोणत्या नियमानुसार होता, ते लेखी कळावं.' त्यांच्यानंतर मराठीच्या मॅडम. मग पीटीचे सर. मधली सुट्टी संपेपर्यंत सात पत्रं झाली! गावंडे बाबू घामाघूम झाले, पण शिक्के मारत राहिले.

शेवटच्या तासाला सगळ्यांना बोलावणं आलं.

"युनियन काढली काय?" प्राचार्य गरजले.

"नाही सर," धांडे सर म्हणाले, "आवक नंबर काढले."

कुणीतरी फसकन हसलं. प्राचार्यांचा आवाज एकदम उतरला. "मॅडम, मी मजाक केली होती. तुम्ही बी ना..."

"मग तेच लिहून द्या, सर."

दुसऱ्या दिवशी उत्तर आलं. 'असा कोणताही आदेश दिलेला नाही.' खाली सही.

प्रॅक्टिकलच्या दिवशी ते लॅबमध्ये येऊन उभे राहिलेच. यवतमाळहून आलेल्या परीक्षक बाईंनी विचारलं, "आपण या विषयाचे परीक्षक आहात का?" नव्हते. गेले.

पूजाच्या वाट्याला टायट्रेशन आलं होतं. एका द्रावणात दुसरं थेंब थेंब सोडायचं आणि रंग बदलला की तिथंच थांबायचं. पहिलं रीडिंग चुकलं. दुसऱ्यांदा तिनं ओठ दाबून धरले, आणि फ्लास्कमध्ये फिकट गुलाबी रंग बरोबर हवा तिथं थांबला. बाईंनी मान डोलावली. माझ्या मनात ढोल वाजत होते. चेहरा मात्र परीक्षकाचा ठेवला.

पूजा चांगल्या मार्कांनी पास झाली. बाथरूमचं कुलूप निघालं. प्राचार्य अजून प्राचार्यच आहेत, फक्त आता बोलायच्या आधी विचार करतात. त्या वर्षी माझ्या गोपनीय अहवालात 'साधारण' असा शेरा आला. त्यावर मी अपील केलंय.

नवीन शिक्षकांना मी एवढंच सांगते: साहेब ओरडत असले की वाद घालू नका. पेन काढा.